दुखतोय एक दात, रूट कॅनल मात्र दुसऱ्याचं

रूट कॅनल कधी लागतं असं कुणी विचारलं की मी अलीकडे हे एकच प्रकरण सांगते. एकाच तोंडात दोन बाजूंना दोन त्रास होते. जे दात दुखत होते त्यांना रूट कॅनलची गरज नव्हती, आणि जी दाढ अजिबात दुखत नव्हती तिला होती. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील थोडे बदलले आहेत.

पेशंट बाई 48 वर्षांच्या. निपाणीजवळच्या खेड्यात घर, घरीच विड्या वळतात. सकाळी उठल्यावर आणि दुपारी जेवल्यावर मिश्री, तीही लग्नाच्या आधीपासूनची. सहा वर्षांपासून मधुमेह. गोळ्या चालू आहेत, पण घरात पाहुणे आले की गोळी राहते आणि पोळी तेवढी राहत नाही. बरोबर मुलगा आला होता, कागलच्या एमआयडीसीत कामाला असणारा. मार्गशीर्षाचे दिवस होते.

"डॉक्टर, डाव्या अंगाचे वरचे हे दोन दात काढून टाका. गार पाणी प्यालं की डोक्यापतोर कळ जाती."

मिश्री लावणाऱ्यांचं तोंड मी तक्रारीच्या दातापासून बघायला घेत नाही. आधी गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा बघते. पांढरा चट्टा किंवा न भरलेली जखम असली तर दाताचा विषय मागे पडतो. इथे तसं काही नव्हतं. डावीकडच्या वरच्या दोन उपदाढांच्या, म्हणजे सुळ्यामागच्या लहान दाढांच्या, हिरड्या वर सरकल्या होत्या आणि दातांना हिरडीलगत खाचा पडल्या होत्या. तीस वर्षं तंबाखूची भाजलेली भरड बोटाने आडवी घासली की असंच होतं. वरचं कठीण कवच झिजून आतला पिवळसर थर उघडा पडला होता. कीड मात्र नव्हती.

उजवीकडे खाली वेगळंच चित्र. पहिली मोठी दाढ वरून निम्मी पोकळ, काळी. तिच्या खालच्या हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुटकुळी. बोटाने दाबली तर पुवाचा थेंब आला.

"मावशी, ही दाढ कधी दुखली होती?"

"ती व्हय? ती गौरी-गणपतीत लई दुखली. आता कवाच गप झाली. तिचं काय न्हाई."

माझ्या लेखी प्रकरण तिथून सुरू झालं.

आषाढ ते मार्गशीर्ष

तारखा आठवत नसल्या तरी सण सगळ्यांना आठवतात, म्हणून मी सणांवरून विचारत गेले. आषाढात त्या दाढेला पहिल्यांदा गार पाणी लागलं. गोड चहाही लागायचा. कळ यायची आणि घोट गिळेपर्यंत जायची. त्यांनी त्या बाजूने चावणं सोडलं आणि विषय संपला.

दाताच्या आत कठीण भिंतींनी बंद झालेली एक पोकळी असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ भाग असतो. बोलताना सगळे त्याला नसच म्हणतात. कीड त्या पोकळीच्या जवळ आली की नस चिडते, पण कारण दूर केलं तर शांतही होते. कळ क्षणात येते आणि क्षणात जाते, तोवर साधारणपणे दात वाचवायला कीड साफ करून फिलिंग पुरतं. आषाढात ही दाढ बहुधा त्याच टप्प्यावर होती.

गणपतीत मात्र दुखण्याचा स्वभावच बदलला. आता काही न खाता-पिताही ठणका लागायचा. दिवसभर कामात कसंबसं निभायचं, पण रात्री आडवं झालं की वाढायचं. गरम चहाने दुखणं चाळवायचं आणि तास तास राहायचं. गार पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरतं थांबायचं, म्हणून बाई गार पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून रात्र काढायच्या. घोट धरायचा, कोमट झाला की थुंकायचा, दुसरा घ्यायचा.

तांब्याचं ऐकल्यावर मला फारसं विचारायचं राहिलं नाही. शरीरात दुसरीकडे सूज आली तर तिला फुगायला जागा असते. दाताच्या आत ती नसते. सुजलेली नस चारी बाजूंनी दाबली जाते, आणि माणूस आडवा झाला की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढून हा ताणही वाढतो. उष्णतेने आणखी भर पडते, गारव्याने जरा कमी होतं. आपोआप सुरू होणारं, झोपमोड करणारं, गरमाने वाढणारं आणि कारण गेल्यावरही रेंगाळणारं दुखणं असेल तर ती नस सहसा परत ठीक होत नाही. रूट कॅनलची, म्हणजे ती नस काढून आतली पोकळी साफ करून भरण्याची, वेळ तेव्हाच आली होती.

त्या वेळी दुखणारी दाढ नेमकी कोणती हेही त्यांना सांगता येत नव्हतं. कान दुखतोय असंच वाटायचं. खालच्या दाढांची आणि कानाजवळच्या भागाची संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूच्या शाखांमधून मेंदूकडे जाते, त्यामुळे ही फसगत नेहमीची आहे. त्या कान दाखवायला गेल्या, थेंब मिळाले. मुलाने तो कागद मला दाखवला. सगळा कन्नडमध्ये होता, त्यामुळे त्यात काय लिहिलंय हे आईला कुणी वाचून दाखवल्याशिवाय कळण्याची सोय नव्हती. मुलगा कन्नड शाळेत शिकलेला. त्याने वाचून सांगितलं की कान ठीक आहे, असंच त्यात लिहिलं होतं. पण मग दुखतंय काय, म्हणून तोंडात कुणी बघितलं नव्हतं.

मग सासूबाईंच्या सांगण्यावरून भुईरिंगणीच्या बियांचा धूर झाला. तापलेल्या विळ्यावर बी टाकायचं आणि धूर तोंडात घ्यायचा. नंतर पाण्यात पडलेले "किडे" दाखवतात. ते बी फुटून बाहेर पडलेले वळलेले अंकुर असतात, आणि दिसतात खरोखर अळीसारखेच. दाताच्या किडीत अळी नसते. ते जिवाणूंचं काम, साध्या डोळ्यांना न दिसणारं. पण योगायोग असा की त्यानंतर दोन-तीन दिवसांत ठणका थांबला. गौरी गेल्या आणि दुखणंही गेलं. घरात धुराचं नाव झालं.

दुखणं थांबलं कारण नस मेली. ज्या नसेला दुखत होतं तीच उरली नाही. पोकळीत राहिले ते मेलेले अवशेष आणि त्यांवर वाढणारे जिवाणू. तिथे रक्त पोचत नाही, म्हणजे शरीराची संरक्षक फौजही पोचत नाही. जिवाणूंचा मारा मुळाच्या टोकातून बाहेर जबड्याच्या हाडाकडे सुरू होतो, तिथलं हाड हळूहळू विरघळतं, आणि पुवाला बाहेर पडायला वाट मिळाली की हिरडीवर पुटकुळी येते. वाट मोकळी असली की दाब साठत नाही, दाब नसला की दुखत नाही. त्यांची दाढ गप होती ती यामुळे.

बर्फाची कांडी

हे सगळं तोंडी ऐकून झालं तरी तपासून बघावं लागतं. माझ्याकडे सुईच्या टोपणात पाणी गोठवून केलेल्या बर्फाच्या बारीक कांड्या असतात. आधी एक चांगला दात घेतला, म्हणजे या बाईंना नेहमीचा गारवा किती जाणवतो ते कळतं. मग डावीकडच्या खाचांवर कांडी लावली. त्या दचकल्या, हात वर केला. कांडी काढली आणि दोन-तीन सेकंदांत चेहरा मोकळा झाला. दुसऱ्या उपदाढेलाही तसंच. उजव्या दाढेला कांडी लावून धरली तर त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.

"लावलं काय?"

मग आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून बघितलं. उपदाढांना काही नाही. उजव्या दाढेवर ठोकल्यावर म्हणाल्या, "हितं जरा वेगळं लागतंय." मेलेल्या नसेच्या दाताला थंडगरम कळत नाही, पण मुळाभोवतीच्या हाडाला आणि पडद्याला सूज असली तर दाब कळतो. दात हलत नव्हता. मुळाच्या कडेने हिरडीत कुठे अरुंद, खोल फट नव्हती. तशी असती तर मूळ उभं चिरल्याचा संशय आला असता आणि पुढचं बोलणं दात काढण्याचं झालं असतं.

पुटकुळीच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे एक्स-रेवर दिसणाऱ्या रबरासारख्या पदार्थाची, बारीक कांडी न दुखवता आत सरकवली आणि तशीच ठेवून एक्स-रे काढला. कांडी वळसा घेत थेट दाढेच्या मागच्या मुळाच्या टोकाशी गेली होती, आणि तिथे काळी सावली होती. एक्स-रेवर अशी सावली दिसायला हाड बरंच विरघळावं लागतं, म्हणजे काम बऱ्याच दिवसांचं. उपदाढांच्या मुळांशी हाड अखंड होतं.

निदान असं लिहिलं: डावीकडच्या वरच्या दोन उपदाढा झिजलेल्या, नस जिवंत आणि निरोगी; उजवीकडची खालची पहिली दाढ, नस मृत, मुळाशी जुना संसर्ग, पुवाची वाट हिरडीवर.

उपदाढांच्या खाचा त्याच दिवशी सिमेंटने भरल्या. संवेदनशील दातांसाठीची पेस्ट आणि मऊ ब्रश लिहून दिला. मिश्री सोडा म्हणाले, त्या हसल्या. या दोन दातांचं रूट कॅनल करा असं कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं, कारण दुखत तेच होते. आमच्या व्यवसायात असंही होतं, आणि सेकंदभराच्या कळेला रूट कॅनल सुचवणाऱ्याकडे बर्फाची कांडी लावून बघितली का असं पेशंटने खुशाल विचारावं.

उजव्या दाढेचं मात्र दुसऱ्याच दिवशी सुरू करू, असं मी सुचवलं.

"काढून टाका की मग"

मुलाचा पहिला प्रश्न हाच होता, आणि तो चुकीचा नव्हता. दात काढणं हाही उपचारच आहे. काही शे रुपयांत होतो; रूट कॅनल आणि कॅप मिळून काही हजार जातात. मूळ चिरलेलं असेल, कॅप धरायला दाताचा भागच उरला नसेल, हिरडीच्या आजाराने दात डुगडुगत असेल किंवा ती अक्कलदाढ असेल, तर मी स्वतःच काढा म्हणते. इथे भिंती शाबूत होत्या, मुळं भक्कम होती आणि चावण्याचा खरा भार घेणारी दाढ हीच होती. ती काढली असती तर शेजारची मागची दाढ त्या जागेत कलंडली असती आणि वरची हळूहळू खाली उतरली असती. जागा भरायची म्हटली तर ब्रिजसाठी दोन्ही बाजूंचे चांगले दात कातरायचे, नाहीतर इम्प्लांट.

त्याने सीमाभागातल्या 865 गावांसाठी महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये लागू केलेल्या आरोग्य योजनेचंही विचारलं. अशा योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन करायच्या मोठ्या उपचारांसाठी असतात, खुर्चीत बसून करायच्या रूट कॅनलला त्यांचा भरवसा धरू नको, असं मी सांगितलं. खर्च झेपत नसेल तर बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली रूट कॅनल करतात. वेळ जास्त लागतो, खर्च खाजगीपेक्षा कमी येतो.

विचार करून सांगतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. डावीकडचं पाणी लागायचं थांबलं होतं. ज्यासाठी आल्या होत्या ते काम झालं होतं.

संक्रांतीच्या आधी

घरी बाईंनी पुटकुळीवर मीठ-तुरटीच्या गुळण्या केल्या. पुटकुळी बसली आणि बरं वाटलं. पुवाची वाट बंद झाली होती. पू तयार होणं मात्र चालूच होतं. संक्रांतीच्या आधी एका संध्याकाळी त्या पदराने गाल झाकून आल्या. जबड्याच्या कडेला उजवीकडे कडक सूज, ताप, तोंड दोन बोटं जेमतेम उघडत होतं. दाढ "उंच झाल्यागत" वाटत होती, दातावर दात टेकवता येत नव्हता. साखर तपासली, 286 निघाली. घरी गरम विटकरीने शेकही देऊन झाला होता. पू असताना बाहेरून शेकू नये, सूज त्या बाजूला पसरते.

मी आधी गिळायला त्रास होतोय का विचारलं, जीभ वर उचलली गेलीय का बघितलं, जिभेखालची जागा आणि हनुवटीखालचा गळा बोटांनी चाचपला. जागा मऊ होती, आवाज नेहमीचा होता. यांतलं एक जरी बिघडलं असतं, किंवा श्वास घ्यायला जड जात असतं, तर तशीच बेळगावला किंवा कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात पाठवली असती. अशी सूज गळ्यात उतरली तर श्वासनलिका दाबली जाऊ शकते.

मुलगा म्हणाला, "मॅडम, भारी गोळ्या द्या, सूज उतरू दे, मग बघू."

गोळ्या देणारच होते. ताप होता, सूज पसरत होती आणि साखर वाढलेली होती. पण अँटिबायोटिक रक्तातून जातं आणि या दाढेच्या आत रक्तच जात नाही. त्याला म्हटलं, पाट बुजलेला असताना मोटर कितीही वेळ चालवलीस तरी त्या सरीतल्या उसाला पाणी मिळत नाही. गोळ्यांनी आजूबाजूची सूज उतरेल, दाढेतला साठा तसाच राहील आणि काही आठवड्यांनी हेच परत होईल. ऊसवाला माणूस, लगेच पटलं.

भूल दिली, तोंड उघडत होतं तेवढ्यात दाढ वरून उघडली. मेलेल्या नसेला ड्रिलची वेदना नसते, पण अशा वेळी दाताला नुसता हात लावला तरी जीव जातो, म्हणून भूल हवीच. पोकळीचं छत गेलं आणि पू वर आला, मग थोडं रक्त. खोलीभर वास पसरला. बाईंचे खुर्चीच्या हाताला घट्ट धरलेले हात पाच मिनिटांत सैल झाले. वाहणं थांबल्यावर धुऊन, वर तात्पुरतं सिमेंट लावून दाढ बंद केली. पूर्वी अशी दाढ उघडीच ठेवायची पद्धत होती. त्याने अन्न आणि लाळेतले नवे जिवाणू आत जातात. अमॉक्सिसिलिन दिलं आणि साखरेसाठी त्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

आतलं काम

सूज उतरल्यावर खरं रूट कॅनल सुरू झालं. दाढेभोवती रबराचा पडदा लावला, म्हणजे लाळ आत जात नाही आणि औषध घशात जात नाही. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात, पुढच्या मुळात दोन आणि मागच्यात एक. इथे मागचं तोंड मधोमध नव्हतं, एका कडेला होतं. असं दिसलं की दुसऱ्या कडेला चौथी नळी शोधायची. ती होती, केसासारखी बारीक. राहून गेली असती तर बाकी काम कितीही चांगलं झालं असतं तरी सावली तशीच राहिली असती. सावली मागच्या मुळाशीच होती.

बारीक कानशीसारख्या फाइलींनी नळ्या रुंद करायच्या, टोकापर्यंतची लांबी यंत्राने मोजायची आणि पुन्हा पुन्हा सोडियम हायपोक्लोराइटने धुवायचं. फाइल जिथे पोचत नाही तिथला मेलेला भाग हे द्रावण विरघळवतं. इतका जुना संसर्ग म्हणून मी एका बैठकीत संपवलं नाही. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून काही आठवडे ठेवलं. दुखणं नाही, पुटकुळी नाही, आत कोरडं, असं बघितल्यावर नळ्या गटापर्चाने भरल्या. मलायाकडच्या झाडाच्या चिकापासून निघणारा हा पदार्थ. 1851 मध्ये इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या समुद्रातून टाकलेल्या तारेवरही हाच चढवला होता. पाण्यात टिकतो, शरीरही त्याला सहसा विरोध करत नाही.

अलीकडे काही प्रकरणांत मोठ्या माणसांच्या दाढेतही नसेचा फक्त वरचा, खराब झालेला भाग काढून खालचा जिवंत ठेवतात. त्यासाठी खाली काहीतरी जिवंत असावं लागतं. गणपतीत आल्या असत्या तर कदाचित तो विचार तरी करता आला असता.

कॅपवरून मायलेकांत वाद झाला. रूट कॅनल झालेली दाढ किडीने आणि उपचारासाठी पाडलेल्या भोकाने आधीच पोखरलेली असते. भाजलेल्या शेंगा नाहीतर हरभरे चावताना ती दुभंगते, आणि फट मुळापर्यंत गेली की काढण्याशिवाय इलाज नाही. म्हणून दाढेला कॅप लागतेच. मुलाला पांढरी हवी होती. "मागं कोण बगाय येतंय," म्हणून बाईंनी धातूची घेतली. माझ्या मते ठीक केलं. धातूच्या कॅपसाठी दाढ कमी कातरावी लागते आणि ती फुटत नाही.

सहा महिन्यांनी बोलावलं होतं, त्या आल्या. पुटकुळीच्या जागी साधी हिरडी, ठोकल्यावर काही नाही, दोन्ही बाजूंनी भाकरी चावतात. एक्स-रेवर सावली निम्म्याने लहान झालेली, पूर्ण गेलेली नाही. मधुमेहात हाड सावकाश भरतं. वर्ष पूर्ण झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढायचा आहे. तेव्हा सावली कमी होत असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. वाढली तर कॅप काढून पुन्हा रूट कॅनल, किंवा हिरडी उघडून मुळाच्या टोकाची छोटी शस्त्रक्रिया, यांतलं एक ठरवायचं. डावीकडच्या एका उपदाढेचं सिमेंट कडेने झिजायला लागलंय. सकाळची मिश्री बंद झालीय, दुपारची चालू आहे.